योस्त हुर्कमान्सचं दप्तर

आमच्या झांडवेन गावात पोरगं शाळेची शेवटची परीक्षा पास झालं की घरावर झेंडा लागतो आणि झेंड्याच्या काठीला त्याचं दप्तर टांगतात. जूनमध्ये गावातून सायकलवर एक चक्कर मारली की कुणाचं पोर सुटलं आणि कुणाचं अडकलं, ते कुणाला विचारावं लागत नाही. माझ्या तिघांची दप्तरं लागली. धाकट्याचं तर महिनाभर लोंबकळत होतं, कारण त्याला ते उतरवायचा कंटाळा. शेजारच्या ड्रीका हुर्कमान्सची काठी मात्र परीक्षेच्या झेंड्याविना रिकामीच राहिली. आणि तिचा एकुलता एक योस्त म्हणजे झांडवेनचा असा एकच माणूस, ज्याचं नाव इटलीतल्या पोरांनाही ठाऊक होतं.

आमची जमीन सगळी वाळूची. तिच्यात दोनच गोष्टी चांगल्या येतात, पांढऱ्या अस्पॅरागसची भाजी आणि वाळूतून मोटरसायकली पळवणारे मोटोक्रॉसवाले. योस्तचा बाप नोल गाड्या दुरुस्त करायचा. पोरगा सहा वर्षांचा झाला तेव्हा त्यानं भंगारातून एक बुटकी मोटरसायकल जोडून दिली आणि पोरगा माझ्या अस्पॅरागसच्या वाफ्यांवरून उड्या मारायला लागला. मी फावडं घेऊन मागे धावायचे. एकदाही हाताला लागला नाही. तेव्हाच मी नोलला म्हटलं होतं, "हा एक तर शर्यतीत जिंकेल, नाहीतर माझ्या हातून मरेल."

वाळूत गाडी चालवायची म्हणजे घाबरायची सोय नाही. वेग कमी केला की पुढचं चाक रुतलंच. अंग मागे टाकायचं, वेगाची मूठ पिळून ठेवायची आणि गाडीला तिची वाट शोधू द्यायची. योस्तला हे शिकवावं लागलं नाही. पंधराव्या वर्षी तो देशातल्या पोरांमध्ये पहिला आला. नोलला ते पाहायला मिळालं, एवढंच बरं झालं. त्याच हिवाळ्यात तो गेला.

सोळाव्या वर्षी, शेवटच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, एका इटालियन संघाची व्हॅन ड्रीकाच्या दारात उभी राहिली. मी कुंपणापाशी वाटाणे तोडत होते. वाटाणे अजून कोवळे होते, पण तोडत होते.

"आई, परीक्षा पुढच्या वर्षीपण असते," योस्त म्हणाला. "ही व्हॅन पुढच्या वर्षी येणार नाही."

"जा की मग. मी काय पाय धरलेत तुझे?"

"अशी तोंड पाडून नको ना जा म्हणूस."

"तोंड माझं आहे. दप्तर ठेव इथं. तुझ्या व्हॅनमध्ये त्याचं काय काम?"

तिनं ते दप्तर जिन्याखालच्या कपाटात टाकलं, आतला डबासुद्धा न काढता. डब्यात चीजचा ब्रेड होता. त्याचं पुढे काय झालं असेल, ह्याचा मी विचार केला नाही.

बाहेरच्या देशांत माती कडक. पहिली दोन वर्षं आमचा योस्त तिकडे नुसता पडत होता. व्हॅनमध्येच झोपायचा, इटालियन मालकाच्या बायकोच्या हातचा पास्ता खायचा आणि ब्रेडवर पेरायच्या चॉकलेटच्या दाण्यांसाठी तळमळायचा. ते दाणे ड्रीका त्याला पोस्टानं पाठवायची, दर महिन्याला. मी म्हणायचे, रागावलेल्या बाईचा हा राग बरा आहे. हळूहळू पडणं कमी झालं. मग दहावा, मग सातवा. एका रविवारी पोर्तुगालमध्ये तो तिसरा आला आणि त्यानं तिथूनच घरी फोन केला. मी नेमकी तिच्या स्वयंपाकघरात होते.

फोन वाजला तशी ड्रीकाच्या हातातली बशी पडली. फोन उचलून तिनं ऐकलं आणि ओरडलीच, "रविवारी फोन करत जाऊ नकोस मला. किती वेळा सांगायचं?" आणि ठेवून दिला.

पोरगा जगात तिसरा येतो आणि आई त्याच्यावर खेकसते. मी कॉफी तशीच सोडून घरी आले.

सगळ्यात मोठी गोष्ट झाली ती आमच्याच वाळूत. जागतिक मालिकेतली एक शर्यत एका वर्षी आमच्या मैदानावर होती. क्लबच्या कँटीनमध्ये मांसाचे क्रोकेट तळायचं काम माझ्याकडे असतं. शेवटच्या फेरीत योस्त एका बेल्जियनच्या मागे लागलाय असं भोंग्यावर ऐकलं आणि मी झारा हातात घेऊन कुंपणाकडे पळाले. शेवटच्या वळणावर बेल्जियनानं जरासा ब्रेक लावला. जरासाच. योस्त बाहेरच्या बाजूनं, जिथं वाळू गुडघाभर होती तिथून, मूठ न सोडता निघून गेला. जिंकणं चांगलंच, पण बेल्जियनला हरवून जिंकण्याची चव वेगळी. परत आले तेव्हा कढईत कोळसे होते आणि कुणी तक्रार केली नाही.

संध्याकाळी गावभर झेंडे लागले. ड्रीकाची काठी रिकामी. गावच्या वाद्यवृंदाचा म्होरक्या टीनुस सगळे ढोल आणि पिपाण्या घेऊन तिच्या अंगणात गेला.

"ड्रीका, अगं, पोरगा जिंकला. झेंडा लाव."

"दप्तराशिवाय नाही लावायचा."

"राजाच्या वाढदिवसाला लावतेस की."

"राजानं शाळा पुरी केलीय."

टीनुसनं टोपी कपाळावर ओढली आणि ढोलवाल्यांकडे वळला. त्या लोकांनी रिकाम्या काठीपुढे दोन गाणी वाजवली, ड्रीकानं केलेले सॉसेजचे ब्रेड खाल्ले आणि तोंडं फुगवून निघून गेले. योस्त हसत होता, पण मी त्याला लहानपणापासून पाहिलंय. तो जाताना दोनदा काठीकडे बघून गेला. पुढे कितीतरी दिवस मी ड्रीकाशी कुंपणावरून नमस्कारापुरतंच बोलले.

त्यानंतर चांगली वर्षं आली आणि मोडकीही आली. गळपट्टीचं हाड, मनगट, पुन्हा तेच मनगट. शेवटी फ्रान्समध्ये एका उडीनंतर पाय असा मोडला की डॉक्टरनं बोलताना पेन बंद करून खिशात ठेवलं. योस्त काठी टेकत घरी आला, बूट शेडमध्ये भिरकावले आणि दोन आठवडे झोपला.

शर्यती संपल्या तसे सल्ले सुरू झाले. दुकान काढ म्हणे, पोरांना शिकव म्हणे. योस्त माझ्याकडे येऊन कॉफी घेता घेता म्हणाला, "नेलमावशी, मला अँब्युलन्स चालवायचीय."

"डोक्यालापण लागलं होतं का रे?"

"मागे आडवा पडून इतक्यांदा गेलो, आता पुढे बसून जायचंय. पडलेल्या माणसाला कुठला खड्डा किती दुखतो, ते मला माहीत आहे."

मला गलबलून आलं, म्हणून मी त्याला आणखी एक बिस्कीट दिलं. आमच्यात दुसरं बिस्कीट सहसा कुणी देत नाही.

पण त्या प्रशिक्षणाला शाळेचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून चौतिसाव्या वर्षी योस्त मोठ्यांच्या शाळेत जायला लागला. इंग्रजी पक्कं होतं, फक्त त्यातले निम्मे शब्द परीक्षकासमोर बोलण्यासारखे नव्हते. गणितानं मात्र त्याला घाम फोडला. ड्रीका समोर बसून मोजे विणायची. हा नापास झाला तर प्रशिक्षणाची जागा जाणार होती. आणि ती काठी आता कायमचीच रिकामी राहणार, असं मी मनात धरून चालले होते.

निकालाचा दिवस आला. निकालाची रीत अशी की दुपारी दोन ते तीन ह्या वेळात फक्त नापास झालेल्यांना शाळेतून फोन येतो. तीनपर्यंत फोन आला नाही की पास. मी चेरीचा व्लाय घेऊन गेले, म्हणजे आमच्याकडचा फळांचा गोल केक. पास झाला तर आनंदात खाऊ, नाही तर दुःखात, वाया काही जात नाही.

योस्त टेबलाशी बसून चमचा फिरवत होता. ड्रीका खिडक्या पुसत होती. त्या सकाळीच पुसलेल्या होत्या.

"बस की जरा," मी म्हटलं.

"बसवत नाही. मला सवय आहे ह्याची."

"कसली सवय?"

"फोन वाजू नये म्हणून थांबायची." ती फडकं पिळत राहिली. "इतकी वर्षं दर रविवारी दुसरं काय केलं मी? फोन नाही वाजला म्हणजे पोर धड आहे. संध्याकाळ झाली की मग कॉफी टाकायची."

योस्तचा चमचा थांबला. "मी जिंकल्यावर फोन करायचो तेव्हा..."

"तेव्हा दर वेळी मरत होते मी. हॅलो म्हणायला तुला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ."

त्यानं चमचा खाली ठेवला. पोर्तुगालच्या फोनला फुटलेली ती बशी मला आठवली आणि स्वतःचीच लाज वाटली.

आणि तीनला दहा मिनिटं कमी असताना फोन वाजला.

योस्त पांढराफटक पडला. मी व्लायकडे बघत बसले. ड्रीकानं फडकं घडी करून ठेवलं, हात पुसले आणि तीच गेली. "हुर्कमान्स," ती म्हणाली. ऐकत राहिली. मग तिचा चेहरा लाल झाला.

"टीनुस, ह्या तासात परीक्षेच्या घरी फोन करतात का रे, गाढवा? कुठं आहात? चर्चच्या मागे? ट्यूबा वाजवणाऱ्याला गाईंचं दूध काढायला जायचंय, मग मी काय करू? थांबायला सांग गाईंना."

योस्तनं डोकं टेबलावर टेकवलं आणि हसू लागला. हसता हसता त्याचे खांदे जरा जास्तच हलत होते, तेव्हा ड्रीकानं त्याच्या मानेवर हात ठेवला आणि चर्चच्या घंटेचे तीन ठोके पडेपर्यंत काढला नाही.

तिसऱ्या ठोक्याला वाद्यवृंद अंगणात शिरला, ट्यूबाचा भलामोठा पितळी कर्णा सगळ्यांच्या पुढे. योस्तनं जिन्याखालून दप्तर काढलं. डबा कुणी उघडला नाही, एवढी अक्कल सगळ्यांना होती. झेंडा लावला, दप्तर बांधलं आणि तो दोरी ओढणार तेवढ्यात ड्रीका म्हणाली, "थांब." ती शेडमध्ये गेली आणि त्याचे शेवटच्या शर्यतीचे बूट घेऊन आली. कुणी न पुसलेले.

"हे कशाला गं?" मी विचारलं.

"एखादी गोष्ट संपली की मग झेंडा लावायचा, नेल. शाळा संपते, मग दप्तर वर जातं. ह्याचं कधी संपतच नव्हतं. जिंकला तरी पुढचा रविवार होताच. मग कुठल्या दिवशी लावायला हवा होता मी, सांग." तिनं बूट दप्तराशेजारी सुतळीनं घट्ट बांधले. "आता ओढ."

योस्तनं ओढलं. झेंडा, दप्तर आणि बूट वर गेले, बूट वाऱ्यानं उलटे झाले आणि त्यांतली वाळू टीनुसच्या टोपीवर आणि माझ्या व्लायवर सांडली. टीनुसनं टोपी झटकली आणि वाजवायची खूण केली.

पहिलं गाणं अर्ध्यावर आलं असताना आत फोन वाजायला लागला. योस्त दाराकडे वळला.

"वाजू दे," ड्रीका म्हणाली, आणि व्लायवरची वाळू सुरीनं बाजूला सारून कापायला बसली.