समितीची किल्ली फळ्यावर

अन्याय झाला तो आमच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंवर. एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सातच्या टँकरला. पाइप अख्ख्या जिन्याने फिरला, सगळ्यांचे ड्रम भरले आणि काकूंच्या दारात आल्यावर पाणी थांबलं. ड्रायव्हर म्हणाला, "तक्रारवाल्यांचं शेठ बघतील." शेठ म्हणजे टँकरचे मालक. काकूंचा गुन्हा एवढाच, की आदल्या आठवड्यात समितीच्या बैठकीत त्या म्हणाल्या होत्या, टँकर अर्धाच भरून येतो. खरं बोलल्या आणि कोरड्या राहिल्या.

ठाण्याजवळच्या दिव्यात आमच्या इमारतींची एक पाणी समिती आहे, मी तिची कार्यकर्ती. माझं शिक्षण पत्रकांवर झालं. वर जाड ठशात मागणी, खाली 'आपले नम्र', आणि प्रत्यक्षात नम्र कोणीच नाही. त्याच संध्याकाळी मी पत्रकाचा मजकूर घेऊन काकूंकडे गेले. शनिवारी पाणी खात्याचे साहेब येणार होते. त्यांच्यासमोर काकूंची तक्रार मांडायचीच, असं मी ठरवलेलं.

काकू शेजारणीकडून आणलेल्या तांब्याभर पाण्यात कणीक मळत होत्या.

"परत बोलू? नाव बाहेर गेलं की माझा ड्रम रिकामा. तुझ्या पत्रकाने कणीक भिजत नाही गं."

बाकीच्या बायकाही तेच म्हणाल्या. नाव बाहेर जाणार नसेल तर मोबाइलवर बोलून देऊ, नाहीतर आम्ही काही पाहिलं नाही.

आता अडचण अशी की समितीचा संगणक म्हणजे धर्मशाळा. निवडणुकीत पडलेल्या एका उमेदवाराने तो दिलेला. डब्यावर त्याचा हात जोडलेला फोटो आहे, खरवडला तरी निघत नाही. त्यावर कोणीही बसतं. टँकरच्या पावत्या छापायला शेठचा ड्रायव्हरसुद्धा तिथेच बसतो. बायकांचे आवाज त्यात ठेवायचे तर कुलूप हवं.

माझी एक मैत्रीण डोंबिवलीला राहते, तिने पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहून दिला. आवाज आत टाकला की त्याचा चक्काचूर होतो, आणि किल्ली दिली तरच तो परत जुळतो. फक्त त्या कुलपाचं सामान, म्हणजे क्रिप्टोग्राफी नावाची लायब्ररी, आधी बसवायला हवी. फोनवर ती म्हणाली, "पिप नावाचा हमाल असतो, तो सामान आणून देतो. एक ओळ टाइप कर. चहा उकळेपर्यंत होईल."

चहा उकळला, आटला, पातेलं करपलं. पडद्यावर लाल अक्षरांचा लोंढा. शेवटी म्हणे रस्टचा कंपायलर सापडत नाही. तो शोधून बसवला. मग म्हणे ओपनएसएसएलच्या फायली नाहीत. त्या आणल्या, तर त्या चुकीच्या आवृत्तीच्या. मी असा छळ फक्त दाखल्यांच्या खिडक्यांवर पाहिलेला, पण तिथे निदान समोर माणूस असतो, त्याच्यावर ओरडता येतं. त्यात मी कुठेतरी काहीतरी पुसलं आणि पावत्या छापायचा प्रोग्रामच बंद पडला.

समितीचे अध्यक्ष नाना शेजारी बसून सगळं बघत होते. नाना निवृत्त शिक्षक. अक्षर मोत्यासारखं, आणि लपवाछपवीचा भयंकर तिटकारा. त्यांनी समितीला शिस्त लावली आहे: जे समितीचं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखालच्या फळ्यावर. जमा-खर्च, ठराव, भांडणं, सगळं.

"नाही म्हणतंय का?" नानांनी विचारलं.

"नाही म्हणतंय."

"निषेधाचा ठराव करू?"

शेवटी मैत्रीण स्वतः आली. डोंबिवलीकर दिव्याला येताना पाण्याची बाटली बरोबर आणतात, तशी तिनेही आणली होती. पडदा बघून तिने कपाळाला हात लावला.

"हे सगळं थेट संगणकात बसवत होतीस? वेडी आहेस का? त्याच घरात वेगळी चूल मांडायची असते. तिला व्हेन्व्ह म्हणतात. आपलं काय करपलं तर आपल्याच चुलीवर."

"आणि ही लाल अक्षरं?"

"तुझा पिप कुठल्या जमान्यातला आहे गं? लायब्ररीचा शिजवलेला डबा तयार मिळतो. या म्हाताऱ्याला तो डबाच ओळखता येत नाही, म्हणून तो घरी दळायला बसलाय. घरात जातं नाही, म्हणून तुझ्याकडे जातं मागतोय, खुंटा मागतोय."

तिने आधी पावत्यांचा प्रोग्राम सुरू करून दिला, मग वेगळी चूल मांडली, पिप नवा केला, तीच ओळ परत टाइप केली. डबा आला. नाना म्हणाले, "बस एवढंच?" मला तिचं डोकं फोडावंसं वाटलं.

मग प्रोग्रामने किल्ली दिली. ही लांबलचक, अक्षरं-आकडे-रेघा यांची खिचडी. नानांनी विचारलं, "ही कोणाकडे राहणार?" मी सहज म्हटलं, "समितीकडे." काकूंसकट सगळ्या बायकांनी मन मोकळं केलं, आम्ही कुलूप घातलं आणि निश्चिंत मनाने घरी गेलो.

सकाळी दूध आणायला खाली उतरले. फळ्यावर, टँकरच्या वेळेखाली, मोत्याच्या अक्षरात, चौकट आखून: 'समितीच्या गुप्त तक्रारींची किल्ली. सभासदांनी नोंद घ्यावी.' खाली अख्खी किल्ली. एक अक्षर चुकलेलं नाही. आणि फळ्यासमोर शेठचा ड्रायव्हर, मोबाइल वर धरून फोटो काढतोय.

"नाना!" माझा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत गेला.

"अगं, समितीचं आहे म्हणालीस ना? मग लपवायचं कशाला?"

मी भांडायला तोंड उघडलं आणि माझी नजर फळ्याच्या कोपऱ्यात गेली. अर्धवट पुसलेली जुनी नोंद: 'टँकर अर्धा येतो. तक्रारदार', आणि पुढे काकूंचं नाव. मी शेठच्या नावाने चार पत्रकं लिहिली होती. शेठला बातमी आम्हीच सुवाच्य अक्षरात दिली होती.

नानांनी तो कोपरा पाहिला. मग सदऱ्याच्या बाहीनेच फळा पुसायला लागले.

मी मैत्रिणीला फोन केला. पोटभर हसून झाल्यावर तिने नवी किल्ली कशी काढायची आणि आवाज त्या किल्लीने परत कसे बंद करायचे ते सांगितलं. ड्रायव्हर पावत्या छापायला येईपर्यंत त्याच्याकडचा फोटो निव्वळ सुविचार उरला होता. नवी किल्ली मी पेन ड्राइव्हवर घेतली आणि काकूंच्या हातात दिली. ज्यांचं नाव, त्यांच्याकडे किल्ली. त्यांनी ती हिंगाच्या डबीत टाकली.

शनिवारी टँकरच्या वेळेलाच साहेब आले. मी तक्रारी वाचल्या, नावं नाहीत, मजले नाहीत. साहेबांनी टँकर बघितला नाही, टाकीत डोकावले नाहीत. पहिला प्रश्न: "ही तक्रार कोणाची?" दुसरा: "कुठल्या मजल्यावरची?"

जन्माच्या सवयीने नानांचं तोंड उघडलं. "तिस..."

मागून काकू खोकल्या.

"तिसरा प्रश्न विचारा, साहेब," नाना म्हणाले. "पहिल्या दोन्हींची उत्तरं समितीकडे नाहीत. टँकर खाली उभा आहे, चला, झाकण उघडून दाखवतो."

साहेब खाली गेले. टँकर अर्धा होता. पुढच्या मंगळवारी काकूंचा ड्रम भरला; त्यापुढच्या मंगळवारचं मी आज सांगू शकत नाही.

तुमच्याही जिन्याखाली फळा असेल, नाहीतर मोबाइलवर सोसायटीचा ग्रुप असेल. तक्रार आली की 'कोणी केली' हे तुम्हीही विचारता, मला माहीत आहे. उठा, खाली जा. फळ्यावर कोणा तक्रारदाराचं नाव दिसलं तर पुसा, आणि मग गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण उघडा.