औषध कशात नेता?

देविदास राठोडनं भरलेला फॉर्म तपासायला मला दोन मिनिटंही लागत नसत. माझ्या हाताखाली सहा सर्वेवाले होते. बाकीच्या पाचांचे कागद वाचताना माझं डोकं उठायचं. कुणी वयाच्या जागी गावाचं नाव लिहायचा, कुणी अर्ध्या पानावर एकच आडवी रेघ ओढून मोकळा व्हायचा. देविदासच्या फॉर्ममध्ये एकही जागा रिकामी नसे. मला त्याचं फार कौतुक होतं. आज त्या कौतुकाचीच चीड येते.

ही २००१ सालची, दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. नांदेडच्या एका संस्थेला केळीच्या शेतीतला न दिसणारा खर्च शोधायचा होता. जमिनीतलं पाणी किती खाली गेलं, माती किती खारावली, बागेत राबणाऱ्यांच्या अंगावर काय उमटलं, असलं सगळं. एकूण एकेचाळीस प्रश्न. वसमत तालुक्यात हे काम बघायला मी होते. माझे वडील विष्णुपंत, वसमतच्या कचेरीत जन्मभर कारकून. कागद जुळला की जग जुळलं, असं आमच्या घरात मानलं जाई, आणि मी त्या घराची खरी लेक होते.

देविदास कुरुंद्याजवळच्या देवला तांड्यावरचा. त्याचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडलेले. वडील थावरा कोरडवाहू शेतीत रुजलेले. देविदास आश्रमशाळेत राहून बारावी झाला आणि तांड्याचा लिहिणारा हात बनला. कुणाचा अर्ज, कुणाचं पत्र, सगळं त्याच्याकडे. शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. दुसरं कशाला, असं मी विचारलं तर म्हणाला, "एक दगा देतं ना मॅडम, ऐन वक्ताला."

त्याची बायको रीता. तिला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोट पडलं होतं. आता तिसऱ्यांदा पाचवा महिना चालू होता. हे त्यानं मला पहिल्याच भेटीत, ओळखदेख नसताना सांगितलं. माणूस तहानलेला असला की पाण्याचीच गोष्ट काढतो, तसं त्याचं झालं होतं. "आवंदा लेकरू टिकलं पायजे, मॅडम," हे वाक्य त्या दोन महिन्यांत मी त्याच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी आम्ही ग्यानबांकडे गेलो. कुरुंद्याचे मोठे बागायतदार, नऊ एकर केळी, कॅनॉलचं पाणी. रीता आणि तांड्यावरच्या बऱ्याच बाया त्यांच्याच बागेत कामाला जायच्या. न दिसणारा खर्च म्हटल्यावर ते खो खो हसले.

"ताई, न दिसणारा खर्च म्हंजे सायबाला द्यायचा त्योच ना? त्यो कागदावर कसा लिवावा?"

मग मात्र त्यांनी सगळी उत्तरं मनापासून दिली. बोअर कितीला आटला, मुळाला कीड कशी लागते, म्हणून झाडाच्या बुडात दाणेदार औषध कसं टाकावं लागतं. आम्ही उठलो तसे ते देविदासला म्हणाले, "तुझी मालकीण दोन जिवांची हाय म्हनं. म्या बायांना सांगून ठिवलंय. घड उचलनं न्हाई, खताची टोपली न्हाई. तिला नुसतं औषध टाकू द्या. हलकं काम हाय."

देविदास त्यांच्या पाया पडला. जीपमध्ये बसल्यावर म्हणाला, "मालक देवमाणूस हाय." मलाही तसंच वाटलं. ग्यानबा मला आजही वाईट माणूस वाटत नाहीत आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. वाईट माणसानं केलं असतं तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी तांडा. मी म्हटलं, सुरुवात स्वतःच्या घरापासून कर. अंगणात बाजेवर थावरा, समोर खुर्चीत मी, खाली पोत्यावर मांडी घालून देविदास. संस्थेचा नियम होता की उत्तरं घरातल्या कर्त्या माणसानं द्यायची आणि खाली त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. मला त्यात काही खटकलं नाही. तांड्याच्या रिवाजातही ते चपखल बसत होतं. तिथं सून सासऱ्यासमोर बोलत नाही, पदर तोंडावर ओढून आत असते. नवऱ्याला काही सांगायचं असलं तर दाराआडून बांगड्या वाजवते, मग नवरा उठून जातो आणि ऐकून येतो.

देविदास खणखणीत आवाजात वाचत होता. सत्ताविसावा प्रश्न आला. "औषध कशात नेता?"

"बादलीत," थावरा म्हणाला. "आनिक कशात नेनार?"

"बादलीत," असं मोठ्यानं म्हणत देविदासनं लिहिलं.

आत बांगड्या वाजल्या.

"चहा टाक," देविदास मान न वळवता म्हणाला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला. थोड्या वेळानं बांगड्या पुन्हा वाजल्या, या वेळी जरा जोरात.

"तिघांचा टाक, मॅडमलाबी," तो म्हणाला.

थावरा हसला. "सुनेला पावन्याची लई घाई होऊन राहिली."

चहा आला. उंबऱ्याशी कपबशा ठेवणारा हात तेवढा मला दिसला. बोटांच्या टोकांची साल निघाली होती, पांढुरकी, भिजल्या कागदासारखी. मी ते पाहिलं. देविदास तेव्हा एकतिसाव्या प्रश्नावर होता, कामानंतर काही तकलीफ होते का. थावरा म्हणाला, "न्हाई," आणि देविदासनं लिहिलं, नाही. चहा आल्याचा होता, छान होता.

पुढचे तीन आठवडे फॉर्म येत राहिले. तांडा आणि कुरुंदा मिळून बेचाळीस घरं, आणि सत्ताविसाव्या प्रश्नाला बेचाळीस वेळा एकच उत्तर. बादलीत. इतकी एकसारखी उत्तरं आल्यावर शहाण्या माणसाला शंका यायला हवी. मला आनंद झाला.

देविदासची एक सवय होती. फॉर्मच्या शेवटी 'इतर' म्हणून दोन ओळी होत्या, बाकीचे त्या सोडून देत. तो तिथंही काहीतरी लिहायचाच. त्याच्या स्वतःच्या फॉर्मवर लिहिलं होतं, 'अंगणातल्या सहा कोंबड्या मेल्या.' पुढच्या घरी चार. मग आणखी एका घरी, सगळ्या. मी त्याला विचारलं.

"मर आली असंल, मॅडम. पर कुरुंद्यात न्हाई आली. आमच्या तांड्यावरच आली, अन् तीबी ठराविक घरांत. सांजच्याला चांगल्या असत्यात, सकाळी माना टाकलेल्या."

मी समासात लिहिलं, कोंबड्यांचा रोग, विषयाशी संबंध नाही.

याच दिवसांत तांड्याच्या वाटेवर मला नीलाबाई भेटली. साठीची, अंगावर कांचळी, म्हणजे जुन्या वळणाची आरशांची चोळी, बागेत जाणाऱ्या बायांची पुढारी. तिनं माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडे बोट केलं.

"ह्याच्यात आमी कुठं हाव?"

"सगळेच आहात, आजी."

"सगळे कसे? तुमी तर बाप्यांना इचारून राहिलात. बापे बांधावर ऱ्हातेत, घड उचलाया येतेत. औषधाच्या वक्ताला आत कोन येतंय? आत गेलं की डोकं फिरतं, तोंडाला पानी सुटतं, डोळ्याम्होरं धुकं येतं. आमी म्हंतो, बागेची हवा लागली."

"मग घरी सांगत का नाही?"

"हवा लागली ते काय सांगायचं?" ती हसली आणि चालू लागली. मीही हसले. तिनं दार उघडून दिलं होतं आणि मी बाहेरून नमस्कार करून परत आले.

दिवाळीनंतर देविदास एकदा वसमतला आला तो कावराबावरा. रीताला दिवेलागणीला दिवा धूसर दिसत होता, पोटाच्या कातडीची आग होत होती. रक्त कमी असेल म्हणून त्यानं लाल गोळ्या घेतल्या, वर डाळिंबं घेतली. सातवा लागला होता. या वेळेपर्यंत आधीचं एकही पोट टिकलं नव्हतं, म्हणून तो घाबरलेला आणि आनंदी असा दोन्ही होता. काम बंद कर म्हणावं, मी म्हटलं. "हलकंच काम हाय, मॅडम," तो म्हणाला. "बसून ऱ्हायली तर तिच्याच जिवाला घोर लागतोय."

त्याच आठवड्यात संस्थेनं अहवालासाठी फोटो मागवले. मी कॅमेरा घेऊन ग्यानबांच्या बागेत गेले, बरोबर देविदास. बांधावर औषधाची पोती, शेजारी वाळूचा ढीग, आणि ती बादली. औषध आणि वाळू तिच्यातच कालवत होते. पण आता ती रिकामी, उपडी पडली होती. आसपास एकही बाई नव्हती.

"बाया आत हायेत," ग्यानबा म्हणाले.

"मग बादली इथं कशी?" मी विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही.

मी आत शिरले. केळीची बाग बाहेरून हिरवीगार, थंड दिसते. आत वारा नसतो. दहा पावलांवर तो वास आला, कुजक्या लसणासारखा, जिभेवर बसणारा. पानं बाजूला सारत मी पुढे जात होते. ओळीच्या टोकाला रीता पाठमोरी उभी होती, ती वळली. तिचं पोट बघून मला आधी वाटलं, हिचे दिवस भरत आलेत की काय. मग तिनं त्या उंचवट्यात हात घातला, मूठ भरून बाहेर काढली आणि झाडाच्या बुडात टाकली.

ती ओटी होती. पदराचं टोक कमरेला खोचून केलेला झोळा, पोटाशी घट्ट, औषधानं भरलेला. ज्या ओटीत आपण नारळ आणि तांदूळ घालतो, तीच. पुढच्या ओळीतली बाई तशीच होती, तिच्या पुढची तशीच. एका हातानं पान वर धरायचं, दुसऱ्यानं औषध टाकायचं, मग बादलीला तिसरा हात आणायचा कुठून? इतकी साधी गोष्ट. बागेत पाऊल टाकणाऱ्या कुणालाही पहिल्या मिनिटाला कळली असती.

माझ्या मागून देविदास आला होता. त्यानं पुढं होऊन रीताच्या कमरेचा खोचा सोडला आणि सगळं औषध तिथंच ओतलं. मग पदर झटकायला लागला. झटकत राहिला. रीता खालच्या आवाजात म्हणाली, "असू द्या, म्या घरी जाऊन झटकत असते अंगनात." तो थांबला. अंगणातल्या सहा कोंबड्या त्याच्या डोळ्यांसमोर आल्या असणार, माझ्याही आल्या.

त्यानंतर ती बागेत गेली नाही. बाराव्या दिवशी तिला कळा सुरू झाल्या. मुलगा होता, रडला नाही. औषधानंच झालं असं डॉक्टरांनी लिहून दिलं नाही आणि मीही ते सिद्ध करू शकत नाही. संस्थेच्या भाषेत सांगायचं तर त्याला पुरावा नाही. पण मी तो वास घेतलाय, ती ओटी बघितली आहे, आणि माझी खात्री आहे.

मला वाटलं, देविदास आता या कामाचं तोंड बघणार नाही. पंधरा दिवसांनी तो कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा मागायला आला. "बेचाळीस घरं पुन्ना करायची, मॅडम. बाप्यांना बाहेर बसवून. तुमी चला, बाया तुमच्यासंगं बोलतील." अहवालाची तारीख टळेल म्हणून संस्थेनं कुरकुर केली. मी आयुष्यात पहिल्यांदा वरच्या माणसाशी भांडले. आम्ही घरोघर गेलो. मी विचारायची, बाया सांगायच्या, देविदास दाराबाहेर बसून लिहायचा. जिथली बाई बागेत जायची अशा प्रत्येक घरी सत्ताविसाव्या प्रश्नाला एकच उत्तर येत होतं. ओटीत.

स्वतःचं घर त्यानं शेवटी ठेवलं. आम्ही अंगणात आलो तसा थावरा बाजेवरून उठला आणि काठी घेऊन तांड्याबाहेर गेला. सुनेला बोलता यावं म्हणून उठून जाणारा सासरा त्या तांड्यानं पहिल्यांदाच बघितला असेल. रीता उंबऱ्यावर येऊन बसली. तोंडावरचा पदर मागे सारलेला. वीस-बावीस वर्षांची पोर, गाल बसलेले.

देविदास वाचू लागला. त्याचा आवाज खणखणीत नव्हता. सत्ताविसाव्याला तो अडकला, पाणी प्यायला, मग वाचलं. "औषध कशात नेता?"

रीतानं त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही, हेच वाईट होतं.

"तवाच सांगत व्हते," ती म्हणाली. "तुमी बादली म्हनून लिवलं तवा. दोनदा बांगड्या वाजवल्या म्या."

देविदासचं पेन कागदावर टेकलेलं होतं, ते तिथंच राहिलं. त्या कागदावर ती एक जागा आजही रिकामी आहे. तो काय आठवत होता ते मला माहीत होतं, कारण मी तिथंच खुर्चीत बसले होते. त्यानं चहा टाकायला सांगितला होता, आणि तो चहा मी प्यायले होते.