दिग्गीत डॉनचं गाऱ्हाणं

कर्नाटकातल्या रामनगरला बस बदलताना माझ्या पिशवीत दोन साड्या, डासांचं मलम आणि एका परदेशी डॉनचे मराठी संवाद होते. माफियापटांचं मराठी डबिंग लिहिणं हा माझा धंदा. डॉन आपल्या बालमित्राला संपवण्याआधी त्याला काय म्हणतो, या एका ओळीवर सगळं अडलं होतं. माझी एकूणएक शिवी दिग्दर्शकाने परत पाठवली होती. "भीतीच वाटत नाही. सोमवारी ओळ दे, नाहीतर काम दुसऱ्याला देतो." मैत्रीण मंगल म्हणाली, "आमच्या सातूमामाकडे जा. शिव्यांची खाण आहे ती."

जोयड्याहून जीप मिळाली. कुणाचातरी फणस माझ्या मांडीवर आला, तो मामांच्या दिग्गी गावापर्यंत उठला नाही. बाहेर नुसतं रान. मी बघणार काय, फणसाच्या आडून?

अंगणात पाय ठेवते तोच मामा शेजारच्या भरमूवर ओरडत होते, "मुडद्या, कुदळ कुठं घातलीस?"

"तुझ्या डोसक्यात, रेड्या!"

मी खूश! पण मला बघताच मामा एकदम मऊ झाले. "या पावनं (पाहुणे), बसा." मामींनी उकडलेली कणगी (रताळ्यासारखा कंद) आणि मिरचीचा ठेचा वाढला. चव अशी, की तीनदा मागून घेतली. शिवी मात्र एक मिळेना. सगळे आपले तुमी-तुमी करत होते.

सकाळी चहा पिताना मी पिक्चरची गोष्ट सांगितली आणि तिथेच फसले. दोस्ताने पोलिसांना खबर दिली म्हणून डॉन त्याला मारतो, एवढंच म्हणाले.

"दोगांची शेतं एका बांधाला हायत काय?" मामांनी विचारलं.

"शेतं नाहीत हो!"

"मग भांडायला काय झालं?"

तोवर अर्धं गाव जमलं होतं. इथली रीत अशी, की न मिटणारं भांडण गाऱ्हाणं म्हणून देवापुढे मांडायचं. निघाले सगळे नारळ घेऊन रानातल्या देवाकडे. मी मागून धावतेय, "अहो, पिक्चर आहे तो!"

"असंल की," गुरव म्हणाले. "भांडान तर हाय न्हवं?"

कप्पाळ माझं!

भरमूने दोस्ताची बाजू घेतली. "पोरंबाळं आसतील. भ्यालं आसंल बिचारं." मामांनी डॉनची. आवाज चढले. शेवटी भरमू म्हणाला, "म्हंजे माझ्या हातनं चुकलं, तर तू मला मारशील व्हय?"

मामांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला. हळू आवाजात भरमूला म्हणाले, "बसा पावनं. पानी घ्या."

भरमूचं तोंड उतरलं. मामी माझा दंड धरून पुटपुटल्या, "घरच्या मानसाला पावनं म्हनलं की संपलं. उद्यापास्नं बोलनं न्हाई, जेवनं न्हाई."

माझ्या अंगावर काटा आला. डॉनची ओळ हीच होती! पण त्या ओळीपायी मी दोन म्हाताऱ्यांची जन्माची दोस्ती मोडली होती. लाज वाटली मला.

"डॉनचं ऱ्हाऊ दे," गुरव म्हणाले, "आदी ह्यांचं बगा." नारळ फुटला. एकाच भकलातलं (अर्ध्या नारळातलं) खोबरं दोघांनी खायचं, की भांडण मिटलं. मामांनी खाल्लं. भरमू हात लावीना. मान खाली घालून बसला.

मामांनी भकल त्याच्यापुढे सरकवलं. मग खेकसले, "खा की माकडतोंड्या! का भरवू?"

भरमूचे डोळे भरले. "हात धुतलेत का, मुडद्या?" म्हणत त्याने खोबरं घेतलं. माझा जीव भांड्यात पडला.

ओळ मी जोयड्याला नेट मिळाल्यावर पाठवणार होते. निघताना मात्र धाकधूक होती. मामा आता मला काय म्हणतील? त्यांनी मुकाट्याने कणगीची पिशवी जीपमध्ये ठेवली. जीप हलली, तशा मामी मागून ओरडल्या, "पोचल्यावर फोन कर गं भवाने! इसरलीस तर तंगडं मोडीन!"

जीपभर लोक हसले. मी पदराने डोळे पुसले.

पुण्यात दार उघडलं तेव्हा ओळ मिळालेल्या दिग्दर्शकाचा फोन वाजत होता. तो कापला आणि आधी मामींना लावला.