दसऱ्याचा झेंडू आणि लाल नळ

दसऱ्याच्या आधीचा शुक्रवार, म्हणजे इथला सुट्टीचा दिवस. मस्कतमध्ये, अल् घुब्राच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत सकाळी सकाळी एक कांड झालं...

आधी थोडा भाव खाऊन घेते. ओमानमध्ये फुलझाडं लावायची तर सगळं कॅलेंडर उलटं धरावं लागतं. उन्हाळाभर झाडांनी फक्त तग धरायचा आणि ऑक्टोबर लागला की खरा सीझन सुरू.

पण मला दसऱ्यालाच झेंडू हवा होता. म्हणून ऑगस्टमध्ये हॉलमध्ये, एसीत, खिडकीपाशी बिया पेरल्या. नवरा हसला, मैत्रिणी हसल्या... आणि आता कुंड्या कळ्यांनी भरल्या होत्या. यंदा तोरण घरच्या फुलांचं, असं मी आमच्या मराठी ग्रुपवर जाहीरही करून टाकलं होतं.

त्याच सुमारास माझ्या सासूबाई मिरजेहून पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या. बाबा गेल्यानंतर एकट्या राहत होत्या, म्हणून निदान होळीपर्यंत तरी राहा असा आमचा हट्ट. पण आई घरात पाहुण्यासारख्या वावरायच्या. "फ्रीज उघडू का गं?" असं विचारायच्या, आणि मला कसंसंच व्हायचं.

मी त्यांना बागेतलं एकच सांगितलं होतं, झाडांना पाणी लाल नळाचंच. इथे राहणाऱ्यांना हे माहीत आहे... गच्चीवरची टाकी दिवसभर तापते, त्यामुळे गार पाण्याच्या नळाला चटका बसेल असं पाणी येतं. मग आपण गिझर बंद ठेवतो. बाथरूमच्या सावलीत त्यातलं पाणी निवतं, आणि उन्हाळाभर गार पाणी मिळतं ते गिझरच्या लाल नळाला.

त्या शुक्रवारी आई पहाटे उठल्या. मिरजेच्या सवयीने आंघोळीसाठी गिझर लावला. पाणी तापत असतानाच सुनेला तेवढीच मदत म्हणून झारी भरली... लाल नळाखाली, मी सांगितलं होतं तशीच. आणि सगळ्या झेंडूला पाणी घातलं.

दुपारपर्यंत रोपांनी माना टाकल्या. दुसऱ्या दिवशी कळ्या काळ्या पडल्या. काय झालं ते लक्षात आलं तेव्हा आई खुर्चीवर बसून राहिल्या.

"मी हात लावायलाच नको होता. तुमच्या घरातलं मला काही कळत नाही," त्या म्हणाल्या.

झेंडूचं वाईट वाटलंच, खोटं कशाला बोलू. पण ते 'तुमच्या घरातलं' जास्त लागलं. त्यानंतर त्या स्वतःचा चहासुद्धा करेनात, आणि लेकाला हळूच म्हणाल्या, "माझं तिकीट अलीकडचं मिळतं का बघ."

दसऱ्याचं तोरण रुवीच्या बाजारातून आणलेल्या फुलांचं झालं. ग्रुपवर लोकांनी माझी यथेच्छ खेचली, मीही खेचून घेतली.

पण बाग मला कळते. इथे ऑक्टोबरमध्ये झाड गेलं तर रडायचं नसतं, कारण लावायचे दिवस तेव्हाच सुरू होतात. पुढच्या शुक्रवारी आईंना गाडीत घातलं आणि नर्सरीत नेलं. "मी कशाला?" म्हणत आल्या, आणि तिथे पोचल्यावर शेवंती-पिटुनियाचं एकेक रोप उलटं करून मुळं बघत बसल्या. नर्सरीवाल्याशी अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत बराच वाद घातला, आणि त्याने निवडलेली रोपं बदलून घेतली.

घरी आल्यावर मी म्हटलं, "आई, ऑफिस सांभाळून मला हे सगळं जमणार नाही. बाल्कनी तुमच्याकडे." चक्क खोटं होतं. एवढी वर्षं जमतच होतं.

तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि मीही काढला नाही.

परवा ऑफिसमधून लवकर आले. पिटुनियाला नुकती फुलं आली होती, शेवंती कळ्यांवर होती. मला राहवलं नाही, झारी भरून बाल्कनीत गेले... तेवढ्यात मागून आवाज आला.

"स्वाती, पाण्याला आधी हात लावून बघितलंस का?"

खरंच बघितलं नव्हतं.

"आणि ऊन आहे अजून. कुंड्या तापल्यात. ठेव ती झारी खाली, संध्याकाळी मी घालीन. मला विचारल्याशिवाय माझ्या झाडांना पाणी घालू नकोस."

आवाज चांगलाच चढलेला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आई माझ्यावर अशा कधी ओरडल्या नव्हत्या. मी निमूट झारी खाली ठेवली आणि आत जाऊन नवऱ्याला फोन लावला.

"आई रागावल्या मला," एवढंच सांगितलं... आणि आनंदाने मला रडूच आलं.