वैनीनं निवडलेलं कापड

लढाई संपली होती आणि चार वर्षांनी दादा पलटणीतून सुटून येणार होता. तसं पत्र आलं तेव्हा इस्लामपूरच्या आमच्या घरात जो गलका उडाला, तो अजून माझ्या कानात आहे. साताऱ्याच्या छावणीत कागदपत्रं पुरी होईपर्यंत आठवडाभर मुक्काम, मग घर. मी सोप्यात उभा राहून ते पत्र मोठ्यानं वाचत होतो. आई डोळे पुशीत होती आणि दारामागे दादाची बायको, माझी वैनी, ऐकत उभी होती.

वाचता वाचता एका जागी मी अडलो. दादानं लिहिलं होतं की तिकडच्या दमट हवेत लोकरी मोजे घालून पायांना चिखल्या पडल्या आहेत आणि जाडजूड चड्ड्यांनी जांघेत पुरळ उठलंय. आईसमोर हे कसं वाचायचं? मी ती ओळ गाळली.

दुपारी वैनीनं मला विहिरीपाशी गाठलं.

"भावजी, मधलं काय तरी गाळलंसा तुमी."

मी लाजत सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "उद्या सांगलीला जाऊ या. गणपतीबी हुईल, आन् कापडबी बघू."

दुसऱ्या दिवशी आम्ही मोटारीनं सांगलीला गेलो. गणपतीचं दर्शन इतक्या घाईत झालं, की मी प्रसाद घ्यायचा विसरलो. पेठेत कापडाची टंचाई होती. दुकानांतून सरकारी कंट्रोलचं जाडं कापड तेवढं दिसायचं. एका दुकानात मी चड्ड्यांसाठी कापड मागितलं. वैनी पदर ओढून माझ्यामागे उभी. दुकानदारानं एक तागा झटकून पुढ्यात टाकला.

"जाड हाय," वैनी माझ्या कानाशी पुटपुटली.

"जाड आहे म्हणे," मी म्हणालो.

"अहो, टिकंल की! चार वर्सं मरण न्हाई त्याला!"

दुसरा तागा आला, तिसरा आला. प्रत्येक वेळी पाठीमागून बारीक आवाज, "ह्येबी नगं." दुकानदार वैतागला. तेव्हा वैनी एकदम पुढं झाली. तिनं कापडाची कड तोंडाशी धरली, पलीकडं तळहात ठेवला आणि जोरात फुंकर मारली.

"ह्यातनं वारंच जात न्हाई! माणसानं ह्ये घालून दिसभर ऱ्हायचं कसं?"

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. आपण केवढ्यानं बोललो हे वैनीच्या ध्यानात आलं आणि तिनं पदर पार हनुवटीपर्यंत खाली ओढला. पण दुकानदार खूष झाला! त्यानं वरच्या फळीवरून मऊ, पातळ सुती तागा काढला. वैनीनं फुंकर मारली आणि पदराआडून मान जोरजोरात हलवली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मग सुती मोजे. वैनीनं एकेका मोज्यात हात घालून मूठ आवळली. ज्यात बोटं कोंडल्यासारखी वाटली ते बाजूला, ज्यावरचा विणीचा पट्टा मनगटाला काचला तेही बाजूला. शेवटी पांढरे मोजे निवडले, पातळ आणि टाचेला तेवढे दुहेरी विणीचे.

परत आल्यावर तिनं हातानंच शिवायला घेतलं. शिवण आतून टोचू नये म्हणून दुमडून सपाट बसवली. उरलेल्या कापडाची एक चड्डी मला केली. "सायकलीवर जाणार न्हवं? सीटवर घासाय नगं."

तिच्या हातचं गाठोडं कॅरिअरला बांधून मी पहाटे निघालो. वाटेत चहा घेतला, कऱ्हाडात भाकरी खाल्ली आणि उन्हं कलायच्या आत साताऱ्यात पोचलो. अंग दुखत होतं, पण कुठं खरचटलं म्हणून नाही!

दादा छावणीच्या फाटकात आला. वाळलेला, काळा पडलेला. आधी त्यानं मला ओळखलंच नाही. मग "आरं, मिशा फुटल्या की रं गड्या!" म्हणून मला असं कवटाळलं की माझी टोपी खाली पडली. मी गाठोडं दिलं. तो नळावर अंघोळ करून आला आणि नवे कपडे घालून बराकीच्या सावलीत बसला. पाय लांब करून त्यानं मोज्यातली बोटं हलवून बघितली.

"लय मोकळं वाटतंय रं," तो म्हणाला. "कुणी आणलं?"

मी दुकानातली सगळी हकिगत सांगितली. फुंकर सांगितली तेव्हा तो इतका हसला, की शेजारचे शिपाई जमले. हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

दोन दिवसांनी त्याचे कागद झाले. दादानं मला कॅरिअरवर बसवलं आणि सायकल स्वतः मारली. वाटेतल्या प्रत्येक उतारावर तो आरोळी ठोकायचा. इस्लामपुरात शिरलो तेव्हा अर्धी आळी दारात होती. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. माणसांची दाटी जरा कमी झाल्यावर दारामागून आवाज आला.

"पाय कसं हाईत?"

चार वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती. दादा उंबऱ्यावर बसला, मोजे काढले आणि म्हणाला, "बाहीर ये की. तूच बघ."

आणि वैनी बाहेर आली, सगळ्यांच्या देखत.