थेंबकाकांचा अठराचा आकडा

धुलाईखान्यात सगळे त्यांना थेंबकाका म्हणत, आणि तेही तोंडावर. हॉटेलांच्या नि दवाखान्यांच्या चादरी धुवून पोचवणारा तो कारखाना. काका तिथली डिझेल व्हॅन अकरा वर्षं चालवत होते. डिझेलचा एक थेंब वाया जाऊ द्यायचा नाही, या एकाच गोष्टीचं त्यांना वेड. पंपावर टाकी भरत आली की खाली उतरून ते व्हॅनला बाजूने धक्के देत, फेस बसवत आणि वर आणखी अर्धा लिटर ओतायला लावत. मागची रांग हॉर्न वाजवून बेजार, काका मात्र ढिम्म. टाकी काठोकाठ भरल्याशिवाय खरं ॲव्हरेज कळणार कसं?

आणि ॲव्हरेज म्हणजे तर त्यांचा जीव की प्राण! लग्नात कुणी नवा माणूस भेटला तरी तब्येतपाणी बाजूला ठेवून ते आधी सांगत, "आमची लिटरला अठरा देते." मध्यंतरी तळणाच्या तेलापासून केलेल्या बायोडिझेलचं खूळ डोक्यात शिरलं. ॲव्हरेज वाढलं नाहीच, पण व्हॅनमागे तळणीचा असा खमंग वास दरवळू लागला की दवाखान्यात पथ्यावर असलेले लोक नर्सबाईंकडे खायला मागू लागले. शेवटी मालकीणबाईंनी काकांपुढे हात जोडले.

याच मालकीणबाईंनी यंदा हायब्रिड व्हॅन आणली, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. किल्ली दिली काकांच्याच लेकीला, कारण दोन वर्षांपूर्वी तीही इथेच चालक म्हणून लागली होती. मग बाई म्हणाल्या, "दोन दिवस दोन्ही गाड्यांचं ॲव्हरेज काढा. जी कमी देईल ती विकायची."

काका तडकले. "माझी गाडी गेली तर मीही घरी बसेन!"

बोलून तर बसले. पण दुपारी डबा उघडताना मनात आलं, घरी बसून करायचं काय? पंख्याचं ॲव्हरेज काढायचं?

कुणाला झुकतं माप नको, म्हणून मार्ग आलटून पालटून घ्यायचे ठरले. पहिल्या दिवशी काका शहरात फिरले आणि लेक त्यांच्या नेहमीच्या मार्गावर, लांबच्या दवाखान्यांकडे गेली. संध्याकाळी तिच्या मीटरवर एकशे आठ किलोमीटर झालेले पाहून काका खो खो हसले. हा रस्ता त्यांना तोंडपाठ होता. एकशे सतरा!

"पोरी, तुझ्या गाडीला नीट मोजताही येत नाही!"

लेक मळक्या चादरींचे गठ्ठे उतरवायला लागली.

दुसऱ्या दिवशी आपल्या मार्गावर निघालेल्या काकांचं लक्ष सहज रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांकडे गेलं. इतकी वर्षं त्यांनी ते दगड कधी पाहिलेच नव्हते, नजर सदा डिझेलच्या काट्यावर. दहा दगड मागे पडले तेव्हा मीटर जवळजवळ अकरावर. पुढच्या दहांनाही तेच. आणि मग त्यांना टायर आठवले. पहिल्याच वर्षी टायरवाल्या मेव्हण्याने एक माप लहान टायर बसवून दिले होते. पुढेही दर वेळी तेच माप. लहान चाक जास्त वेळा फिरतं आणि मीटर बिचारं फेरे मोजतं. त्याला काय ठाऊक, चाक केवढं आहे ते!

म्हणजे अठरा खोटं. काकांनी व्हॅन कडेला घेतली, दारावर टेकून हिशेब केला. साडेसोळा, फार तर. अकरा वर्षं आपण गावभर साडेसोळाला अठरा सांगत फिरलो! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी वाफेने ओल्या झालेल्या त्या हॉलमध्ये इस्त्रीच्या रोलरवरच्या बायकासुद्धा काम टाकून जमल्या. दोन दिवसांचा आकडा निघाला. हायब्रिड सतरा, डिझेल अठरा. टाळ्या पडल्या. व्हॅन वाचली, काकांची नोकरीही वाचली. फक्त गप्प राहायचं होतं.

काकांनी घसा खाकरला. "थांबा. माझे टायर लहान आहेत. मीटर जास्त दाखवतं. खरं ॲव्हरेज साडेसोळा. मी हरलो."

लेक हळूच म्हणाली, "मला कालच कळलं होतं, बाबा. आमचं मीटर दगडांशी बरोबर जुळत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही घरी बसला असतात ना!" ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मग मालकीणबाईंकडे वळून म्हणाली, "बाई, उद्या एक दिवस आम्हाला गाड्या बदलू द्या."

बाईंनी मान डोलावली. तिसऱ्या दिवशी काका त्या मुक्या गाडीत बसले. ती चालू झाली की नाही हेच त्यांना तीनदा विचारावं लागलं. पण पुढचा सिग्नल लाल होणार हे ओळखून लांबूनच पाय उचलायचा आणि गाडी अलगद थांबवायची, ही त्यांची मुरलेली सवय. इथे तर त्या थांबण्यातूनच बॅटरी भरत होती! संध्याकाळी लिटरला एकवीस निघाले, तेही सरळ मीटरचे. लेकीने जुन्या व्हॅनला, टायरचा फरक धरून, जेमतेम चौदा काढले.

"जुनी गाडी विकायची," मालकीणबाई म्हणाल्या, "आणि काका कुठेही जायचे नाहीत. महिन्याने दुसरी हायब्रिड येतेय. तोवर पोरीला शेजारी बसवा आणि शिकवा."

जुन्या व्हॅनच्या बॉनेटवर हात फिरवताना काका रडले, अगदी सगळ्यांसमोर. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हायब्रिडमध्ये शेजारी बसलेल्या लेकीने विचारलं, "बाबा, सिग्नल लाल होणार हे तुम्हाला आधीच कसं कळतं?"

अकरा वर्षांत लोक हसले होते, हॉर्न वाजवून ओरडले होते. विचारलं कुणीच नव्हतं. काका बोलू लागले. पादचाऱ्यांचे पाय कसे ओळखायचे, पुढच्या बसचा ड्रायव्हर पाय कधी ढिला सोडतो, चढ यायच्या आधी वेग कसा धरून ठेवायचा. लेक विचारत होती, काका हातवारे करत सांगत होते, आणि दवाखान्याचं वळण केव्हाच मागे पडलं होतं.

"बाबा! चार किलोमीटर पुढे आलो!"

"येऊ दे," काका म्हणाले. "चढाचं सांगत होतो ना, ते पुरं ऐक."