नाव विचारणारी गल्ली

रशीदाखालांनी मला या शहरात जगवलं, हे आधी लिहितो, बाकीचं नंतर. महिन्याभरापूर्वी चितेगावहून त्यांच्या लेकीचा फोन आला, खाला गेल्या... दुकानात गिऱ्हाईक होतं, धड रडताही आलं नाही.

मी चंद्रपूरकडचा. सातवीत शाळा सुटली, हातात कात्री आली. गुलमंडीच्या मागं भाड्यानं सलून टाकलं आणि लगेच करोना आला. न्हाव्यापुढं डोकं कोण धरणार? जागामालक म्हणाला, भाडं नसेल तर खुर्ची उचल. गावी परत जायला तोंड नव्हतं. खाला माझ्या दुकानासमोर भाजीचा गाडा लावायच्या. जिभेनं फटकळ. बंद शटरपाशी मी बसलेला दिसलो की म्हणायच्या, गिऱ्हाईक नाय तर सोताचे तरी काप.

एका दुपारी त्या भरलेला गाडा तसाच परत घेऊन आल्या. ज्या गल्लीत उभी हयात हाळी दिली, तिथं सगळे त्यांना नुसतं मावशी म्हणायचे. त्या दिवशी कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या काकांनी नाव विचारलं. ऐकून म्हणाले, तुम्ही लोक रोग आणता, पुन्हा दिसू नका.

खालांनी गाडा माझ्याकडं वळवला. "ढकल. तुझं नाव चालतंय."

"त्याच लोकांना विकायची? लाज वाटते, खाला."

"लाज घरी ठेव. मेथी सुकायलीय."

माझा आवाज फुटेना, तर म्हणाल्या, मयताला आलास का? हाळी त्यांनीच शिकवली. मग त्या गल्लीच्या तोंडाशी थांबायच्या आणि मी आत जायचो. काकांनी मलाही नाव विचारलं, आणि खालांच्या हातानं निवडलेली मेथी घेतली. "आता कसं, आपला माणूस," म्हणाले. तो शब्द अजून खुपतो... पण त्या गाड्यावर दोन चुली पेटल्या, सलूनची खुर्ची जागेवर राहिली.

परवा तेच काका दाढीला आले. "ती भाजीवाली मावशी गेली म्हणे. बरी होती हो." वस्तरा त्यांच्या गळ्याशी होता. मी दाढी उरकली, पैसे घेतले. निम्मी गिऱ्हाइकं त्याच गल्लीतली, आणि माझी भीती काही जात नाही.

दुकानाच्या पाटीवर अजून नुसतं 'जेंट्स पार्लर' आहे. खाला, एक दिवस तिथं तुमचं नाव रंगवीन, पूर्ण, मोठ्या अक्षरांत. त्या गल्लीला नाव विचारायची सवयच आहे. वाचून आत यावं, नाहीतर दाढ्या वाढवाव्यात.